आकाशवाणीच्या धुनेमागचे निर्वासित

दुसऱ्या महायुद्धातील ज्यू निर्वासितांचा वारसा म्हटला की शांघायचे नाव प्रथम येते, कारण तेथे सुमारे 20 हजार ज्यूंनी आसरा घेतला आणि हाँगकोऊ भागातील त्यांचे प्रार्थनास्थळ आज संग्रहालय म्हणून पाहता येते. मुंबईत आलेल्यांची संख्या त्या मानाने फारच थोडी होती. पण कर्जतजवळच्या कडावसारख्या गावातूनही लोकलने एका दिवसात त्यांच्या खुणा पाहून येता येते.

कडाव परिसराला ज्यू समाज अनोळखी नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे मराठीभाषक बेने इस्राएल कोकणात शतकानुशतके राहिले आणि पनवेलचे बेथ एल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, 1849चे आहे. हिटलरच्या राजवटीतून निसटलेले लोक मात्र वेगळे, जर्मन बोलणारे आणि बहुतेक मध्यमवर्गीय व्यावसायिक होते.

कर्जत लोकल जेथे थांबते त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच टाइम्स ऑफ इंडियाची इमारत आहे. ज्यू पत्नीसह व्हिएन्ना सोडून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर तेथे कला-संचालक होते, तर रुडॉल्फ फॉन लेडन त्याच दैनिकात कलासमीक्षा लिहीत. रझा, आरा, हुसेन यांच्यासारख्या त्या वेळच्या नवख्या चित्रकारांना या दोघांनी आणि औषध व्यावसायिक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी मार्गदर्शन, प्रसिद्धी आणि गिऱ्हाईक मिळवून दिले. 1947च्या ‘प्रोग्रेसिव्ह’ या चित्रकारांच्या गटाची कथा त्यांना वगळून सांगणे अपुरेच ठरेल. पुढे काळा घोडा भागात जेकब ससून यांनी 1884 साली बांधलेले निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग लागते. तेथे बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या व्यापारी ज्यूंची संपत्ती दिसते, निर्वासितांची नव्हे, हा फरक पर्यटकाने ध्यानात ठेवावा.

सर्वांत मोठी खूण मात्र इमारतीत नाही. 1934 साली आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांच्या नावे मानली जाणारी आकाशवाणीची सुरुवातीची धून महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पहाटे ऐकली.

आसऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: 1939 साली युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्राच्या ज्यूंनाही ‘शत्रू नागरिक’ ठरवून अटकेत टाकले. पुरंदर किल्ल्यावर अशा अटकेतील जर्मन नागरिकांची छावणी होती, पण किल्ल्याच्या माहितीत हा भाग क्वचितच आढळतो. मुंबईच्या वारसाफेऱ्या आखणाऱ्यांनी ही ठिकाणे एका नकाशावर आणावीत.