फुल-फ्रेम कॅमेरा : घ्यावा कीं न घ्यावा?

घरांतील एखाद्या तरुणास छायाचित्रणाचा नाद लागला, कीं दोनतीन वर्षांत एक प्रश्न वडीलधाऱ्यांपुढें हटकून येतो : हातचा कॅमेरा अपुरा पडतो, फुल-फ्रेम घेऊं काय? एकत्र कुटुंबांत असा खर्च एकट्याचा नसतो. म्हणून घेणाऱ्यानें व पैसा देणाऱ्यांनींही या वस्तूचें मर्म समजून घेणें अगत्याचें आहे.

फुल-फ्रेम म्हणजे प्रकाश टिपणारा संवेदक ३६ × २४ मिलिमीटर आकाराचा असणें. हें माप जुन्या फिल्मचें होय. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंद फिल्म आडवी वापरून ऑस्कर बार्नाक यांनीं रचलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं लायप्झिगच्या मेळ्यांत लोकांपुढें आला, व पुढें तें माप सर्वत्र रूढ झालें. डिजिटल कॅमेऱ्यांत एवढा संवेदक महाग पडतो. म्हणून सामान्य कॅमेऱ्यांत सुमारें २४ × १६ मिलिमीटरचा ‘एपीएस-सी’ संवेदक असतो.

मोठ्याचें क्षेत्रफळ धाकट्याच्या सव्वादोन पट. तितका प्रकाश अधिक गोळा होतो, आणि मंद उजेडांतील चित्रावरचा रवाळपणा कमी होतो. लाभ खराच आहे. पण आतां दुसरा हिशेब पाहावा. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ भिंगाचें छिद्र ५५ वर ५.६ असतें. त्याऐवजीं १.८ छिद्राचें ५० मिलिमीटरचें साधें भिंग लावल्यास प्रकाश जवळजवळ दहापट येतो! सांजआरतीचे फोटो काळवंडत असतील, तर पहिलें औषध भिंगांत आहे, संवेदकांत नव्हे.

मुंजींत सारें कुटुंब तीन रांगांत उभें केलें, तर पुढचे व मागचे दोन्ही चेहरे स्पष्ट यावयास छिद्र लहान करावें लागतें. फुल-फ्रेमवर तें अधिकच लहान करावें लागत असल्यानें तेथें मोठ्या संवेदकाचा फायदा बहुतेक संपतो.

शिवाय जुन्या भिंगांचें काय? निकॉनचीं डीएक्स भिंगें फुल-फ्रेमवर बसतात, परंतु मधलाच भाग उपयोगांत येऊन २४ मेगापिक्सलचे सुमारें १० उरतात. कॅननचीं ईएफ-एस भिंगें त्यांच्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहींत. अर्थात् कॅमेऱ्यामागोमाग भिंगांचाही खर्च येतो. भिंतीवर लावावयाच्या १२ × ८ इंची चित्रास मात्र ९ मेगापिक्सलही पुरतात.

मग घ्यावा कोणीं? ज्याचा लग्नकार्यांतील छायाचित्रण हा व्यवसाय आहे, किंवा ज्यास चांगलें भिंग असूनही अंधाराशीं नित्य झगडावें लागतें, त्यानें खुशाल घ्यावा. इतरांनीं गेल्या वर्षींचे बिघडलेले शंभर फोटो काढून बसावें. हात हालल्यानें किती गेले, नेम चुकल्यानें किती, आणि केवळ रवाळपणानें किती, हें मोजावें. शेवटचा आंकडा मोठा निघाला, तर दोन दिवस भाड्यानें फुल-फ्रेम आणून घरच्याच कार्यांत वापरून पाहावा.

आंकडा लहान निघाल्यास एक चांगलें भिंग घ्यावें, आणि उरल्या पैशांतून आजीआजोबांचे निवडक फोटो कागदावर छापून घ्यावे. ते पाहावयास मिळण्याची वाट त्यांनीं पुढील कॅमेऱ्यापर्यंत कां पाहावी?