निर्मळ दिसणारे पाणी

पाण्याला संस्कृतात ‘जीवन’ असे सार्थ नाव आहे. परंतु जे जीवन देते, तेच प्रसंगी घातकही ठरू शकते. आणि तसे होताना त्याचा रंग पालटतोच असे नाही. वणव्यात पोळलेल्या एका नगराला या सत्याचा कटू अनुभव आला.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या उतारावर, पाइन वृक्षांच्या राईत पॅरडाइज नावाचे नगर आहे. पॅरडाइज म्हणजे स्वर्ग. तेथे सुमारे २६,००० लोकांची वस्ती होती. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी जवळच्या रानात वणवा पेटला आणि सोसाट्याच्या वाऱ्याने तो काही तासांतच नगरावर येऊन आदळला. या अग्निप्रलयात ८५ माणसे मृत्युमुखी पडली व त्या परिसरातील १८,००० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या.

आग विझली. वाचलेल्या घरांकडे लोक परतू लागले. नगराचे जलशुद्धीकरण केंद्र शाबूत होते आणि नळाला येणारे पाणी स्वच्छ दिसत होते. मग ते पिण्यास हरकत कोणती?

याचे उत्तर एक वर्षापूर्वीच मिळाले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच राज्यातील सांता रोझा शहराचा काही भाग वणव्यात जळाला. पुढे तेथील एका रहिवाशाने नळाच्या पाण्याला वास येत असल्याची तक्रार केली. तपासणी करता पाण्यात बेंझीन नावाचे विषारी द्रव्य आढळले. ते दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका असतो. पॅरडाइजच्या पाण्याची परीक्षा झाली तेव्हा तेथेही हेच द्रव्य सापडले. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार पिण्याच्या पाण्याच्या एक अब्ज भागांत बेंझीनचा एकच भाग चालतो. येथील काही नमुन्यांत तो २,००० भागांहूनही अधिक होता.

जमिनीखालच्या नळांत हे विष शिरले कसे? एरवी नळांतील पाण्याला दाब असतो, त्यामुळे बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. परंतु घरे जळताच त्यांचे नळ फुटले व त्यांतून पाणी वाहून गेले. अग्निशामकांनीही पुष्कळ पाणी उपसले. दाब नाहीसा होऊन नळ रिते पडले आणि फुटलेल्या तोंडांतून धूर व राख आत ओढली गेली. शिवाय तापलेले प्लॅस्टिकचे नळ स्वतःच वितळून विषारी द्रव्ये सोडू लागले. लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी कितीही धुतली तरी तिचा वास लवकर जात नाही. तसेच येथे झाले. नळांच्या भिंतींनी बेंझीन शोषून घेतले आणि नंतर आलेल्या शुद्ध पाण्यात ते हळूहळू परत सोडले.

पाणी उकळून प्यावे, हा घरोघरी दिला जाणारा उपदेश रोगजंतूंच्या बाबतीत अगदी योग्य आहे. परंतु बेंझीन हा जंतू नव्हे. तो उष्णतेने मरत नाही. पाणी उकळू लागण्यापूर्वीच, सुमारे ८० अंश सेल्सियसला बेंझीन उकळते आणि त्याची वाफ स्वयंपाकघरातील हवेत मिसळून श्वासावाटे शरीरात जाते. क्लोरीन टाकूनही उपयोग होत नाही. नाकावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण वास जाणवण्याइतके बेंझीन पाण्यात येण्यापूर्वीच सुरक्षिततेची मर्यादा कितीतरी मागे पडलेली असते. म्हणून अशा वेळी ‘हे पाणी उकळूनही पिऊ नका’ असेच सांगावे लागते.

तपासणीही काळजीपूर्वक करावी लागते. पाणी वाहते ठेवून नमुना घेतला तर दोष लपून राहतो. यास्तव नळ निदान ७२ तास बंद ठेवतात. तेवढ्या अवधीत नळाच्या भिंतीतील द्रव्य पाण्यात उतरते. मग काचेची लहान कुपी काठोकाठ भरतात. तिच्यात हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत, कारण बेंझीन त्या हवेत निसटते. कुपी घट्ट बंद करून, थंड ठेवून प्रयोगशाळेत नेतात. एका घरचा नमुना निर्दोष निघाला म्हणजे शेजारच्या घरचे पाणी निर्दोष ठरत नाही. आणि आज निर्दोष ठरलेल्या जागीही पुन्हा तपासणी करावी लागते. जेथे दोष हटत नाही, तेथे नळच बदलावे लागतात.

घर वाचले, नळाला पाणी आले, तरी ते ओंजळीत घेण्यापूर्वी थांबणे हे तहानलेल्या माणसाला कठीण वाटते. परंतु डोळ्यांना जे निर्मळ दिसते ते निर्मळ असतेच असे नाही. वणव्याच्या ज्वाळा सर्वांना दिसतात. त्यांनी मागे ठेवलेले विष मात्र केवळ धीराने केलेल्या परीक्षेलाच दिसते.