शून्य बाईटची फाईल : एक्स्ट-४ फाईल सिस्टीममधील दोष व त्याची दुरुस्ती

प्रस्तावना

धामणगाव रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी वीज अचानक जाणे ही नवलाची बाब नाही. अशा वेळी ज्याने आपले काम साठवून ठेवलेले असते, तो निर्धास्त असतो. परंतु वीज आल्यावर त्याच फाईलचे नाव कायम आणि आकार मात्र शून्य बाईट आढळला तर? २००९ च्या प्रारंभी लिनक्सवरील एक्स्ट-४ या फाईल सिस्टीमबाबत नेमके हेच घडले. प्रस्तुत लेखात या दोषाचे कारण व त्याची दुरुस्ती यांचे विवेचन केले आहे.

दोषाचे स्वरूप

डिसेंबर २००८ मधील लिनक्स कर्नल २.६.२८ पासून एक्स्ट-४ स्थिर मानली गेली. उबुंटू ९.०४ ची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी पुढच्याच महिन्यात तक्रार नोंदविली, की संगणक अकस्मात बंद पडल्यास नुकत्याच लिहिलेल्या फाईली रिकाम्या होतात.

फाईलचा आकार आयनोड या नोंदीत असतो. ही नोंद स्मृतीत आणि डिस्कवर अशी दोन ठिकाणी असते. एक्स्ट-४ मध्ये लेखन होताच स्मृतीतील आकार वाढतो. डिस्कवरील जागेचे वाटप मात्र लांबणीवर टाकले जाते आणि वाटप झाल्याखेरीज डिस्कवरील आकार वाढत नाही. यामुळे वेग वाढतो, ही मोठीच सोय होय. अडचण अशी, की फाईलचे नाव बदलणे किंवा जुना मजकूर पुसणे या नोंदी साधारणतः ५ सेकंदांत जर्नलमध्ये जातात, तर मजकूर ३० सेकंद वा त्याहून अधिक काळ स्मृतीतच राहू शकतो. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत जुनी प्रत खोडून नवीची नोंद करावी, जुनी प्रत रद्दीत द्यावी आणि नवी अद्याप टपालातच असावी, तसा हा प्रकार. मधल्या वेळात वीज गेली, की दोन्ही प्रती गेल्या. पूर्वीच्या एक्स्ट-३ मध्ये प्रचलित पद्धतीनुसार मजकूर आधी व नोंद नंतर जात असल्याने हा धोका सहसा जाणवत नसे.

दोष कोणाचा?

एक्स्ट-४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे, की पॉसिक्स मानकानुसार एफसिंक ही आज्ञा दिल्याशिवाय मजकूर डिस्कवर गेल्याची हमी नसते. ती न देणारे प्रोग्राम सदोष होत. नियमाच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. तथापि एक्स्ट-३ वर हीच आज्ञा अतिशय मंद चाले. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ च्या चाचणी आवृत्तीत तिच्यामुळे संगणक खोळंबत असल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ती टाळली, यात सर्व दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. वापरणाऱ्याला तर मानकाशी कर्तव्यच नसते. त्याचा मजकूर गेलेला असतो.

दुरुस्ती

त्सो यांनीही आपले मत न सोडता कोडमध्ये बदल केला. जुन्या फाईलच्या नावावर नवी फाईल आणली जात असेल, अथवा शून्यापर्यंत पुसून पुन्हा लिहिलेली फाईल बंद केली जात असेल, तर लांबणीवर टाकलेले वाटप तत्काळ करावे, अशी तरतूद झाली. जून २००९ मधील कर्नल २.६.३० मध्ये ती समाविष्ट झाली. ही तरतूद आपोआप लागू असते. वेगाची निकड असणाऱ्यास ‘नो-ऑटो-डीए-अलॉक’ हा पर्याय देऊन ती बंद करता येते. मात्र प्रथमच तयार केलेल्या फाईलला तिचे संरक्षण नाही. तिच्यासाठी प्रोग्राममध्ये एफसिंक हवे, किंवा प्रयोगशाळेत चालू स्थितीतील यूपीएस.