तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर

१९९८च्या ऑगस्टमध्ये इंटेलने दोन प्रोसेसर एकदमच बाजारात आणले. एक ४५० मेगाहर्ट्झचा पेन्टियम टू, त्या मालिकेतला सर्वांत वेगवान. दुसरा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए, पेन्टियमच्या पाव किमतीहूनही स्वस्त. थोड्याच काळात हौशी लोकांना शोध लागला, की मदरबोर्डवरची एक सेटिंग बदलली तर हा स्वस्तातला प्रोसेसरही ४५०वर चालतो. दीडपट वेग, तोही साध्या पंख्याखाली! घरगुती संगणकाच्या इतिहासात मला याहून विलक्षण प्रकरण माहीत नाही. ओव्हरक्लॉकिंग शिकू पाहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

प्रोसेसरचा वेग हा एक गुणाकार असतो. मदरबोर्डवरच्या बसचे ठोके गुणिले प्रोसेसरचा मल्टिप्लायर. ३००ए मध्ये मल्टिप्लायर साडेचारला कायमचा बांधलेला होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची होती. बस १०० केली, की ४५०. मग मधली ८३ची पायरी अधिक सुरक्षित असावी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तीच धोक्याची होती. हार्ड डिस्क आणि इतर कार्डे ज्या पीसीआय मार्गाने जोडलेली असत, त्याला ३३ मेगाहर्ट्झ लागत. तेव्हाचा इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट हा वेग ६६च्या निम्मा किंवा १००च्या एक तृतीयांश करून देई. ८३ला तो ४१च्या पुढे जाई आणि डिस्कवरची माहिती खराब होण्याची भीती असे. प्रोसेसर ठणठणीत, पण शेजाऱ्याचा जीव गेला, असा हा प्रकार.

आज नेमके उलटे आहे. नावात ‘के’ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांचा मल्टिप्लायर मोकळा असतो. बसच्या जागी आलेल्या १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला मात्र नवख्याने हात लावू नये. २०११मध्ये आलेल्या कोअर आय५-२५००केचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ होता, म्हणजे मल्टिप्लायर ३३. चांगला कूलर लावून तो ४५वर नेणारे असंख्य लोक होते. इंटेलसाठी सहसा ‘झेड’ मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन मोकळेच असतात.

प्रोसेसरवर छापलेला वेग ही कंपनीची हमी असते. सर्वांत तापलेल्या खोलीत, सर्वांत साध्या कूलरखाली, कित्येक वर्षे तो चालावा म्हणून काही अंतर राखून तो ठरवतात. ते अंतर प्रत्येक नगाचे वेगळे असते, शेजारच्याचा ४.८ला चालतो म्हणून आपला चालेलच असे नाही. ४.५ गिगाहर्ट्झला एका ठोक्याला जेमतेम ०.२२ नॅनोसेकंद मिळतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटर जात नाही! पुढचा ठोका पडण्याआधी ट्रान्झिस्टरांची साखळी स्थिर झाली नाही, तर उत्तर चुकते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर झटपट बदलतात, पण त्याची किंमत मोठी आहे. वेगाच्या प्रमाणात वीज वाढते, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. १.२ व्होल्टचे १.३ केले आणि वेग एक दशांशाने वाढवला, तर वीज व उष्णता २९ टक्क्यांनी वाढते.

आधुनिक प्रोसेसर फार तापला तर स्वतःच वेग उतरवतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. जादा व्होल्टेजपासून त्याला असे संरक्षण नाही. २००२च्या सुमारास नॉर्थवुड पिढीच्या पेन्टियम फोरला दीडऐवजी १.७ व्होल्टच्या वर नेणाऱ्यांचे प्रोसेसर काही आठवडे उत्तम चालून मग कायमचे मेले. म्हणून व्होल्टेज कधीही ‘ऑटो’वर सोडू नये. मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त देऊन मोकळा होतो.

काम सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्यावा, वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि मूळ वेगाला पूर्ण भाराखाली तापमान किती जाते ते एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये पाहून लिहून ठेवावे. तिथेच ते ८५ अंशांच्या पुढे जात असेल, तर आधी धूळ झाडा, थर्मल पेस्ट बदला, कूलर मोठा घ्या. लॅपटॉपवर हा उद्योग करूच नये. मग बायोसमध्ये व्होल्टेज ‘ऑटो’वरून काढून मूळ आकड्यावर ठेवावे, मल्टिप्लायर एकाने वाढवावा, बाकी काही बदलू नये, आणि प्राइम९५ चालवावे. मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम स्वतःचे गणित तपासत राहतो, त्यामुळे प्रोसेसरची बारीक चूकही तो पकडतो. चूक आली, निळा पडदा आला किंवा संगणक हँग झाला, की एक पायरी मागे. हवेच असेल तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ने वाढवून पुन्हा तपासावे. मशीन सुरूच झाले नाही तरी घाबरू नये. वीज बंद करून, प्लग काढून सीमॉस क्लिअर केले, की सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी चाचणी उन्हाळ्यात घ्यावी. पंख्याचा कूलर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. डिसेंबरच्या पहाटे ७० अंशांवर राहिलेला प्रोसेसर मे महिन्यात ९५च्या घरात पोचतो. द्रव हेलियम ओतून २०२२मध्ये कोअर आय९-१३९००के ९ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला, हे खरे. पण तो काही मिनिटांचा विक्रम होता, रोजचे काम नव्हे.

नव्या रायझनमध्ये राखलेले बरेचसे अंतर प्रोसेसर आपणहून वापरून टाकतो. तिथे मला कर्व्ह ऑप्टिमायझरची वाट अधिक शहाणपणाची वाटते. त्यात व्होल्टेज किंचित कमी करायचे. प्रोसेसर थंड राहतो आणि वाचलेल्या उष्णतेत स्वतःच वेग वाढवतो. मात्र इथली चूक बहुधा भाराखाली न दिसता संगणक निवांत असताना उमटते. म्हणून प्राइम९५ झाल्यावर एक रात्र तो काहीही न चालवता सुरू ठेवावा आणि सकाळी तो आपोआप रीस्टार्ट झाला होता का, हे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहावे.