कानशीला पाठांतर कळत नाही

आयटीआयच्या निकालातली एक अट पालकांना पटकन पटत नाही. लेखी विषयात ३३ टक्के मिळाले तरी मुलगा पास; प्रात्यक्षिकात मात्र ६०च्या खाली नापास. दहावीपर्यंत ज्याला सगळ्यांनी ‘ढ’ ठरवलं त्याला ही अट दिलासा देते, आणि गाईड पाठ करून ऐंशी टक्के मिळवलेल्याची पहिल्याच महिन्यात पंचाईत होते. कानशीला पाठांतर कळत नाही.

देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली आली, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी त्यानंतर वाढली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पूर्वीच्या मुलांना रासायनिक कारखान्यात चिकटायचं असे. आज महापे, रबाळे, ऐरोलीला डेटा सेंटर उभी आहेत. तिथे चोवीस तास थंडावा राखणारा वातानुकूलनाचा मेकॅनिक लागतो, पॅनेलसमोर घाई न करणारा वीजतंत्री लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून पालकांचा प्रश्न एकच: “सर, एअरपोर्टला लागेल का?”

मुलगा कुठे लागेल ते त्याच्या वागण्यावर ठरतं, पण वागण्याची गोष्ट प्रवेशापासून सुरू होते. प्रवेश दहावीच्या गुणांवर. वीजतंत्रीची यादी वर बंद होते आणि खाली उरलेला मुलगा संधाता (वेल्डर) म्हणून वर्कशॉपमध्ये येतो, तोंड पाडून. दिवाळीपर्यंत तो कोणाशी धड बोलत नाही. त्याला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. माझ्या मते तो बेशिस्त नसतो, रुसलेला असतो, आणि पहिली सरळ रेघ जोडता आली की निम्मा रुसवा उतरतो. उरलेला निम्मा घरच्यांचा असतो. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यात प्रत्येक जॉबसाठी रकाने असतात: सुरक्षिततेची जाणीव, कामाच्या जागेची स्वच्छता, हजेरी, लेखी सूचना वाचून काम करणं, हत्यारं हाताळणं, मालाची काटकसर, वेग, कामाचा दर्जा. ज्याने हा तक्ता आखला त्याला वर्कशॉप ठाऊक होतं. शाळेत प्रगती आणि वर्तणूक यांचे शेरे वेगळे लिहितात. इथे ते वेगळे काढताच येत नाहीत. लेथवरचा कीस हाताने ओढणारा मुलगा आणि ब्रशने काढणारा मुलगा यांच्या जॉबचं माप एकच येईलही, पण पहिल्याचं बोट कधी जाईल सांगता येत नाही. व्हर्नियर कानशींच्या ढिगात टाकणारा ०.०२ मिलिमीटरच्या गप्पा मारू शकतो, त्याचा जॉब मात्र ‘गो’ गेजमधून जात नाही. चिपिंग हातोड्याने स्लॅग उडवताना ज्याचा गॉगल कपाळावर असतो, त्याला मी त्या दिवशी पुढचा रॉड देत नाही.

आणखी एक. नवे निदेशक मस्तीखोर मुलांना घाबरतात. मला काळजी वाटते ती गप्प मुलांची. मस्तीखोर मुलगा चुकला तर वर्गभर कळतं. गप्प मुलगा ड्रॉइंग न समजताही मान डोलावतो, विचारत नाही, आणि तशीच मशीन सुरू करतो. वर्गात शांतता आहे म्हणून खूश होणाऱ्या निरीक्षकांना हे कसं सांगावं!

हजेरीचा रकाना मात्र वर्कशॉपबाहेर ठरतो. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, त्या बाजूच्या मुलांची एसटीच्या खोळंब्याची सबब गेली. पण रात्री मोटारसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवणारा मुलगा सकाळच्या थिअरीला डुलक्या घेतो, त्याला लोकलचा काय उपयोग? वर्षानुवर्षे विद्यावेतन महिना ४० रुपये होतं. २०२३ मध्ये ते ५०० करायचं ठरलं. पार्सलवाला ही रक्कम काही रात्रींत कमावतो. त्याला मी उठवून बाहेर काढत नाही. तोंड धुऊन ये म्हणतो आणि मशीनवर मात्र उभा करत नाही. डोळा लागला तर फळ्यासमोर काही बिघडत नाही, ग्राइंडरसमोर बिघडतं.

मुली अजून मोजक्याच आहेत. वीजतंत्रीला येणाऱ्या मुलींचे वायरिंग बोर्ड बहुधा अधिक नेटके असतात असा माझा अनुभव. शिडीवर चढायची वेळ आली की शेजारचा मुलगा ‘मी करतो’ म्हणत पुढे होतो. ते सौजन्य मी थांबवतो. शिडी तिनेच चढायची.

दुखणं आहे ते तक्ता भरण्यात. अंतर्गत मूल्यमापनातही ६० टक्के हवेत, निकाल वर दिसायला हवा, म्हणून कित्येक ठिकाणी महिनाअखेरीला सगळे रकाने एका बैठकीत भरले जातात. शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर मला फोन करतो तेव्हा गुण विचारत नाही. वेळेवर येतो का, सांगितलेलं ऐकतो का, मशीनजवळ मोबाइल बाहेर काढतो का, हेच विचारतो. याची उत्तरं खरं तर तक्त्यात सापडायला हवीत. तक्त्यात वीसच्या वीस मुलांपुढे सुरक्षिततेच्या रकान्यात एकच आकडा असतो, म्हणून मी आठवणीवर उत्तर देतो.