इंजिन तेलाची श्यानता-श्रेणी

इंजिन तेलाची श्यानता-श्रेणी म्हणजे मोटारीच्या इंजिनात वापरावयाच्या वंगणतेलाचा दाटपणा दर्शविणारी प्रमाणित खूण होय. तेलाच्या डब्यावर ती '५डब्ल्यू-३०', '१५डब्ल्यू-४०' अशा स्वरूपात छापलेली असते. एसएई या १९०५ साली स्थापन झालेल्या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या 'जे ३००' या मानकात या श्रेणींची व्याख्या दिलेली असून भारतातही तीच प्रचलित आहे.

अमरावती, अकोला आदी वऱ्हाडातील जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. 'ऊन अधिक, म्हणून तेल जाड' हा समज त्यामुळे या भागात सहज रुजतो. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत कधी कधी इंजिनाला मोजावी लागते.

श्यानतेचे कार्य

द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. मधाची श्यानता अधिक, पाण्याची कमी. चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगच्या धातूवर प्रत्यक्ष टेकत नाही. तो तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल गरजेपेक्षा पातळ असल्यास हा थर तुटून धातूवर धातू घासतो. गरजेपेक्षा जाड असल्यास इंजिन सुरू होताच ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, पंपावर ताण येतो, दाबमुक्ती झडप उघडून काही तेल तसेच परत तळाशी जाते आणि इंधनही अधिक लागते.

आकड्यांचा अर्थ

'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो. १५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्यासंबंधीची चाचणी उणे २० अंशांवर, तर ५डब्ल्यू तेलाची उणे ३० अंशांवर घेतली जाते. वऱ्हाडातील कडाक्याची थंडीही या मर्यादांच्या जवळपास फिरकत नाही. चिखलदऱ्यातील पहाटही नाही.

नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसवरील श्यानता दर्शवितो. ३० श्रेणीसाठी ती ९.३ ते १२.५, ४० साठी १२.५ ते १६.३ आणि ५० साठी १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. हा आकडा तापमानाचा नव्हे. '४० चे तेल ४० अंश उन्हासाठी' असा अर्थ काही जण लावतात, त्याला कोणताही आधार नाही.

उष्ण प्रदेशातील निवड

प्रयोगशाळेत तेलाची श्यानता १०० अंशांप्रमाणेच ४० अंशांवरही मोजतात. चांदूर रेल्वे येथे मे महिन्याच्या दुपारी सावलीत उभ्या असलेल्या मोटारीतील तेल जवळजवळ याच तापमानाला असते. ५डब्ल्यू-३० प्रकारच्या तेलाची श्यानता ४० अंशांवर साधारण ६० ते ६५ सेंटिस्टोक भरते, म्हणजे १०० अंशांवरील श्यानतेच्या सुमारे सहापट. भर उन्हाळ्यातही इंजिन सुरू करतेवेळी तेल त्याच्या कामाच्या स्थितीपेक्षा बरेच जाडच असते. बाहेरच्या उन्हाने ते 'पाण्यासारखे' झालेले नसते.

इंजिन तापल्यावर शीतक द्रवाचे तापमान थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास राखतो. म्हणून हिवाळा आणि उन्हाळा यांतील हवेचा फरक तेलापर्यंत पुरता पोहोचत नाही. तो अजिबात पोहोचत नाही असेही नाही, कारण तेलाच्या तापमानावर थर्मोस्टॅटचे थेट नियंत्रण नसते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग चांदूर रेल्वे तालुक्यातून जातो आणि त्यावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. वातानुकूलन चालू ठेवून, भरलेली गाडी या वेगाने तासन्‌तास चालविल्यास तेल १२० अंशांपर्यंत तापू शकते. त्या तापमानाला १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता घटून १०० अंशांवरील ३० श्रेणीच्या तेलाइतकीच उरते. जाड तेलाच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादात तथ्य आहे ते एवढेच.

गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत दोन श्रेणी मान्य केलेल्या असतील, तर अशा वापरासाठी त्यांतील वरची श्रेणी घेणे योग्य ठरते. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ अशी एकच श्रेणी असल्यास मात्र ऊन हे ती बदलण्याचे कारण होत नाही. अशा इंजिनाच्या बेअरिंगमधील फट, तेलाच्या वाटा आणि पंप त्याच तेलासाठी बेतलेले असतात. झडपांची वेळ बदलणारी यंत्रणाही बहुधा तेलाच्या दाबावर चालते. अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात २०डब्ल्यू-४० वा २०डब्ल्यू-५० तेल सर्रास वापरले जाई. त्या काळची सवय आजच्या इंजिनाला लागू करणे हे या बाबतीतील सर्वांत सामान्य चुकीचे मूळ म्हणावे लागेल.

उन्हाळ्यात श्रेणीपेक्षा तेलाची पातळी अधिक महत्त्वाची असते. तेल कमी झाले की उरलेले तेल तेवढीच उष्णता वाहून नेत लवकर तापते आणि लवकर बिघडते. समतल जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहावी.

झिजलेली इंजिने

फार चाललेले इंजिन तेल खाऊ लागल्यास पुस्तिकेच्या मर्यादेत राहून एक पायरी जाड तेल घालता येते. त्याने तेलाचा खप घटू शकतो. झीज भरून येत नाही. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागत असेल, तर जाड तेल घालून तो घालविणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

श्रेणी आणि प्रत

श्यानता सारखी असली म्हणजे तेल सारखे होत नाही. शेतकरी कुटुंबांत ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४० तेलाचा डबा घरच्या मोटारीलाही वापरला जाणे स्वाभाविक आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या अनेक डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. तिच्यासाठी कमी राख सोडणारे तेल लागते, अन्यथा राखेने गाळणी हळूहळू तुंबते, आणि ती बदलणे खर्चिक असते. याउलट मोटारीचे तेल मोटारसायकलमध्ये घातल्यास तिचा तेलात बुडालेला क्लच घसरू शकतो. म्हणून दुचाकीच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण पाहून घेतात.