गुपित न सांगता हिशेब

आपल्या दोघांत अधिक धनवान कोण, हे दोन श्रीमंत गृहस्थांना जाणून घ्यायचे आहे. पण स्वतःची मिळकत सांगायला कोणीच तयार नाही. अँड्र्यू याओ या संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली हे कोडे मांडले आणि मध्यस्थावाचून ते सुटते, असे दाखवून दिले. त्याची रीत किचकट आहे. पण त्याच जातीची एक युक्ती माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही बेरीज-वजाबाकीने समजते.

समजा, तिघा मित्रांना आपल्या गुणांची सरासरी काढायची आहे. मात्र स्वतःचे गुण कोणी सांगणार नाही. पहिल्याला ४० गुण आहेत. त्याने मनाला येतील ते दोन आकडे घ्यावेत, उदाहरणार्थ ७० आणि उणे ४५. चाळीस भरायला तिसरा आकडा १५ लागेल. यांतला एक स्वतःजवळ ठेवून बाकीचे दोन दोघा मित्रांना एकेक द्यावे. इतर दोघांनीही असेच करावे. आता प्रत्येकाजवळ तीन आकडे जमले. त्यांची बेरीज प्रत्येकाने जाहीर करावी. या तीन बेरजा मिळवल्या की तिघांच्या गुणांची बेरीज हाती येते! सुट्या तुकड्यावरून मात्र कोणाचेच गुण कळत नाहीत.

ही केवळ करमणूक नव्हे. युरोपीय संघाने साखरेला दिलेला आधार घटवल्यावर डेन्मार्कमध्ये बीट पिकवण्याच्या करारांची शेतकऱ्यांत फेरवाटणी करणे भाग पडले. बीट विकत घेणारी डॅनिस्को ही तेव्हा तिथली एकमेव कंपनी होती. आपली बोली तिला कळली तर आपली आर्थिक स्थितीही कळेल, ही शेतकऱ्यांची भीती. उलट, लिलाव एकट्या शेतकरी संघटनेकडे सोपवणे कंपनीला मान्य होण्यासारखे नव्हते. म्हणून जानेवारी २००८ मध्ये सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बोलींचे तुकडे करून ते कंपनी, संघटना आणि संशोधक अशा तिघांकडे विभागले गेले. तिघांच्या संगणकांनी मिळून सुमारे अर्ध्या तासात बाजारभाव ठरवला. कोणाचीही बोली उघडी पडली नाही.

या युक्तीलाही मर्यादा आहेत. दोघांनी संगनमत केले तर तिसऱ्याचे गुपित फुटते. आणि कोणी मुळातच खोटा आकडा दिला, तर उत्तरही खोटेच येणार. म्हणजे विश्वासाची गरज संपत नाही, ती अनेकांत वाटली जाते. तरीही मला यात मोठा दिलासा दिसतो. एकट्या बलिष्ठापुढे आपली झोळी उघडी न करता दुबळ्यालाही व्यवहारात बरोबरीने बसता येते.